ट्यूब ॲम्पला लोड बॉक्स किंवा ॲटेन्युएटर जोडताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवल्यावर लगेच आवाज यायचा नाही. आधी आत तांबूस उजेड दिसायचा आणि मग थोड्या वेळाने बातम्या ऐकू यायच्या. व्हॉल्व्हलाच ट्यूब म्हणतात, आणि गिटारचा ट्यूब ॲम्प त्याच घराण्यातला. रेडिओतून आवाज स्वच्छ यावा अशी अपेक्षा असायची. गिटारवाल्याला मात्र तो जरा फाटलेला, खरखरीत आणि तरीही गोड हवा असतो. हा गोडवा बऱ्याच अंशी शेवटच्या टप्प्यातल्या पॉवर ट्यूबवर ताण आला की येतो, आणि ताण आणायचा तर वॉल्यूम सहा-सातच्या पुढे न्यावा लागतो.

अडचण तिथेच सुरू होते. फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब हा मधल्या आकाराचा, फक्त २२ वॉटचा ॲम्प. तरी तो सातवर ठेवून फ्लॅटमध्ये वाजवला तर खालच्या मजल्यावरची भांडीसुद्धा साथ देतात. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ट्यूब ॲम्प त्याच्या रंगात येतो तेव्हा तो या आकड्यांच्या कितीतरी वर असतो.

म्हणून ॲटेन्युएटर आणि लोड बॉक्स. ॲम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसून ही उपकरणं ॲम्पची ताकद उष्णतेच्या रूपात जिरवतात. बोस्टन या अमेरिकन रॉक बँडचा गिटारवादक टॉम शोल्झ मूळचा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याने १९८० साली स्वतःची कंपनी काढली आणि तिच्या सुरुवातीच्या उत्पादनांत पॉवर सोक नावाचा ॲटेन्युएटर होता. म्हणजे ही गरज जुनीच आहे. वस्तू चांगल्या आहेत आणि नीट वापरल्या तर वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत. चुकीच्या जोडणीत मात्र ॲम्पचा सगळ्यात महागडा भाग, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, जळू शकतो. त्यामुळे खरेदीच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा.

ट्यूब ॲम्प कधीही रिकामा चालवू नका

स्पीकर आउटपुटला काहीही न जोडता ट्यूब ॲम्प चालू करून वाजवणं, ही या विषयातली सर्वांत मोठी चूक. कारण समजून घ्यायचं तर आपल्या बाइकच्या इंजिनाकडे पाहा. स्पार्क प्लगला ठिणगी कशी मिळते? १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह एका कॉइलमधून वाहत असतो. तो अचानक तोडला की कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा वाट शोधते आणि हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हीसुद्धा कॉइलच आहे. स्पीकर जोडलेला असेल तर ऊर्जा तिकडे निघून जाते. स्पीकर नसेल तर ती परत ट्यूबच्या बाजूला उसळते. तिथे आधीच चारशे-साडेचारशे व्होल्ट असतात, त्यावर हा झटका. मग ट्यूबच्या सॉकेटमध्ये दोन पिनांच्या मध्ये ठिणगी पडते, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचं इन्सुलेशन फुटतं.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्पचं बरोबर उलट असतं. त्याला स्पीकर नसला तरी चालतं, शॉर्ट झालेला चालत नाही. ट्रान्झिस्टर ॲम्पवर हात बसलेला माणूस ट्यूब ॲम्पकडे आला की तीच सवय घेऊन येतो, म्हणून हे ठासून सांगतोय.

माझ्या हातून हे घडलं ते सरावाच्या खोलीत. हेड (नुसता ॲम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगवेगळे होते, स्पीकर केबल घरी राहिली होती. पिशवीत गिटारची जादा केबल होती, पिन तीच, म्हणून तीच लावली. वीस मिनिटं छान चाललं. मग आवाज तुटला, मागून तडतड ऐकू आली आणि फ्यूज गेला. दुरुस्तीवाल्यांनी चेसिस उघडून दाखवलं तेव्हा एका पॉवर ट्यूबच्या सॉकेटवर दोन पिनांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती. तो जळून झालेला कार्बन. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून सॉकेट बदलावा लागला. ट्रान्सफॉर्मर वाचला हे नशीब. त्या बारीक केबलची आतली तार पिनेजवळ वितळून सुटली होती, म्हणजे वाजवता वाजवता ॲम्प रिकामा झाला होता.

तीन वस्तू, तीन कामं

लोड बॉक्स ॲम्पची सगळी ताकद स्वतः जिरवतो. स्पीकर लागतच नाही. त्याच्या लाइन आउटमधून सिग्नल घेऊन हेडफोनवर ऐकायचं किंवा रेकॉर्ड करायचं. ॲटेन्युएटर ताकदीचा मोठा भाग जिरवतो आणि उरलेला स्पीकरला देतो. तिसऱ्या प्रकारात आधी लोड असतो, मग त्यातला छोटा सिग्नल दुसऱ्या स्वच्छ पॉवर ॲम्पने पुन्हा मोठा केला जातो. फ्रायेटचा पॉवर स्टेशन किंवा बॉसचा वाझा ट्यूब ॲम्प एक्स्पांडर या जातीचे. बरीच उपकरणं दोन-तीन कामं एकत्र करतात.

एक चौथी वस्तू बाजारात स्वस्तात मिळते आणि तिच्यामुळे घोटाळा होतो. इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे ॲम्पच्या मागे इफेक्ट जोडायला दिलेल्या जॅकमध्ये, लावायची वॉल्यूमची छोटी डबी. ती पॉवर ट्यूबच्या आधीच सिग्नल कमी करते. उपयोगी आहे, पण ती लोड नव्हे. ती लावली तरी स्पीकर जोडलेला असायलाच हवा.

रिॲक्टिव्ह म्हणजे काय

स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम लिहिलेलं असतं. तो आकडा नावापुरता आहे. मल्टिमीटर लावला तर साधारण साडेसहा-सात ओहम दिसतात. प्रत्यक्ष वाजताना तर तो आकडा सुरागणिक बदलतो. बहुतेक गिटार स्पीकर शंभर हर्ट्झच्या आसपास आपोआप जोरात हलू लागतात, आणि हलणारी कॉइल स्वतःच उलट व्होल्टेज निर्माण करते. तिथे इम्पिडन्स, म्हणजे वाजताना स्पीकर करतो तो ओहममधला विरोध, कित्येक पटीने चढतो. पुढे चारशे हर्ट्झच्या सुमारास तो पुन्हा आठच्या जवळ येतो आणि वरच्या सुरांकडे कॉइलच्या गुणधर्मामुळे हळूहळू चढत राहतो. कागदावर काढलं तर डावीकडे एक उंच टेकडी आणि उजवीकडे लांब चढ.

ट्यूब ॲम्प या चढउतारांना दाद देतो. इम्पिडन्स जिथे जास्त, तिथे तो जास्त व्होल्टेज देतो. खालच्या तारेचा तो छातीत बसणारा ठोका आणि वरची चमक बऱ्याच प्रमाणात यातून येते. व्हॉक्स एसी३० सारख्या, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग मागे नेऊन ॲम्पला आवरणारी सोय) नसलेल्या ॲम्पमध्ये हे फार स्पष्ट जाणवतं.

आता स्पीकरच्या जागी साधा ८ ओहमचा रेझिस्टर लावा. तो सगळ्या सुरांना आठच. ॲम्प सुरक्षित राहतो, पण आवाज सपाट होतो आणि बोटांखाली तारा जरा ताठ वाटतात. रिॲक्टिव्ह लोडमध्ये कॉइल आणि कपॅसिटर जोडून तीच टेकडी आणि तोच चढ तयार केलेला असतो. त्यामुळे ॲम्पला समोर खरा स्पीकर आहे असंच वाटतं.

दुकानात रिॲक्टिव्ह म्हणजे जास्त सुरक्षित असं ऐकायला मिळतं. ते बरोबर नाही. वॉट आणि ओहम जुळत असतील तर दोन्ही सुरक्षित आहेत. रिॲक्टिव्हचे जादा पैसे आवाजासाठी आणि हाताला मिळणाऱ्या प्रतिसादासाठी मोजायचे. स्पीकर लावून आवाज थोडाच कमी करायचा असेल तर साधा रेझिस्टिव्ह ॲटेन्युएटरही पुष्कळ चालतो. पूर्ण शांत रेकॉर्डिंग करायचं असेल तर रिॲक्टिव्हच घ्या, असं माझं ठाम मत आहे.

पायरी १: ॲम्पची पाठ वाचा

आधी ॲम्प खरोखर ट्यूबचा आहे ना ते बघा. फेंडरचा टोन मास्टर डीलक्स रिव्हर्ब समोरून मूळ डीलक्स रिव्हर्बसारखाच दिसतो, पण आत ट्यूब नाहीत. आवाज कमी करायची सोय त्यातच आहे. बॉस कटाना या ट्रान्झिस्टर ॲम्पलाही यातलं काही लागत नाही. काही ट्यूब ॲम्पमध्येच सोय असते. ह्यूज अँड केटनरच्या ट्यूबमाइस्टर १८ मध्ये वॉट कमी करत शून्यापर्यंत नेता येतात.

नंतर व्होल्टेजची पट्टी. अमेरिकेतून नातेवाइकांबरोबर आलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो. तो सरळ आपल्या २३० व्होल्टला लावला तर लोड बॉक्सची वेळच येणार नाही. पुरेशा क्षमतेचा, अर्थिंग पुढे नेणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्या.

पायरी २: वॉट मोजा आणि दुप्पट धरा

ॲम्पवरचे वॉट स्वच्छ आवाजाच्या सीमेपर्यंतचे असतात. त्यापुढे आवाज फाटू लागला की लाटेची गोलाई जाऊन ती चौकोनी होत जाते आणि ताकद वाढते. हिशेबाने ती दुपटीपर्यंत जाऊ शकते. म्हणून ५० वॉटच्या ॲम्पला १०० वॉटचा लोड. मार्शलचा १०० वॉटचा हेड पूर्ण उघडून वाजवायचा असेल तर १०० वॉटच्या लोडवर भरवसा ठेवू नका.

स्वतः बनवायचा मोह होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ॲल्युमिनियमच्या अंगाचे १०० वॉटचे रेझिस्टर सहज मिळतात, आणि दुरुस्तीवाले टेबलावर तेच वापरतात. पण तो १०० वॉटचा आकडा मोठ्या हीटसिंकवर (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) घट्ट बसवल्यावरचा असतो. नुसता ठेवला तर त्याच्या निम्मीही ताकद तो झेपवत नाही. तापून सोल्डर वितळला आणि तार सुटली की ॲम्प रिकामा. पहिला लोड तयार घेतलेला बरा.

पायरी ३: ओहम जुळवा

ॲम्पच्या मागे ४, ८, १६ असे ओहम असतात. ॲम्प ८ वर तर लोड ८ चाच. टू नोट्सचा कॅप्टर वेगवेगळ्या ओहमच्या आवृत्त्यांत येतो, त्यामुळे मागवताना आकडा तपासा. अनुभवी मंडळी एखादी पायरी इकडेतिकडे चालवून घेतात. नवख्याने घेऊ नये. ॲम्पच्या सेटिंगपेक्षा लोडचे ओहम जास्त असतील तर ॲम्प रिकाम्या अवस्थेकडे सरकतो, कमी असतील तर ट्यूबमधून जादा प्रवाह वाहून त्या लवकर थकतात.

८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४ होतात. तेव्हा लोड बॉक्स एका जॅकला आणि कॅबिनेट दुसऱ्या जॅकला असं लावू नका. हिशेब बिघडतो आणि आवाजही कमी होत नाही. ओहमचा स्विच ॲम्प चालू असताना कधीच फिरवायचा नाही. फिरताना क्षणभर जोडणी तुटते.

फेंडर कॉम्बोवाल्यांसाठी, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असणाऱ्यांसाठी, एक बारकावा. मागे दोन जॅक असतात, मुख्य स्पीकरचा आणि जादा स्पीकरचा. मुख्य जॅकमधली पिन काढली की तो जॅक आउटपुट शॉर्ट करतो. रिकाम्या ॲम्पपेक्षा शॉर्ट बरा, म्हणून केलेली ही सोय. पण आतल्या स्पीकरची पिन काढून लोड बॉक्स जादा जॅकला लावला तर ॲम्प शॉर्टवर वाजत राहतो. लोड नेहमी मुख्य जॅकला.

पायरी ४: केबल

गिटारची केबल आणि स्पीकरची केबल बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. गिटारच्या केबलमध्ये एक नाजूक तार आणि भोवती जाळी असते. स्पीकरच्या केबलमध्ये दोन जाड तारा. पिनेचं टोपण फिरवून उघडा आणि स्वतः पाहा. ॲम्प ते लोड आणि लोड ते कॅबिनेट या दोन्ही ठिकाणी जाड स्पीकर केबलच हवी, शक्यतो आखूड. मी माझ्या स्पीकर केबलींना दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळतो. गडबडीत हात चुकत नाही.

मल्टिमीटर असेल तर अर्धा मिनिट खर्च करा. ॲम्पपासून सुटी असताना केबल कॅबिनेटला लावा आणि मोकळ्या पिनेचं टोक आणि बूड यांवर मीटर टेकवा. ८ ओहमच्या कॅबिनेटला साडेसहा-सात, १६ च्या कॅबिनेटला बारा-तेराच्या आसपास दिसलं की ठीक. आकडाच येत नसेल तर कुठेतरी तार तुटलेली आहे. तशी केबल ॲम्पला लावायची नाही.

पायरी ५: जोडणी आणि पहिली सुरुवात

ॲम्प बंद, प्लग भिंतीतून काढलेला. ॲम्पच्या स्पीकर जॅकमधून केबल लोड बॉक्सच्या ॲम्पसाठीच्या इनपुटमध्ये. ॲटेन्युएटर असेल तर त्याच्या स्पीकर आउटमधून कॅबिनेटला. सगळे जॅक सारखेच दिसतात, म्हणून नाव वाचून लावा. उलटी जोडणी केली तर ॲम्पला नेमका लोड मिळत नाही. पिन पूर्ण आत जाऊन खट्कन बसली पाहिजे.

आता ॲम्पचा वॉल्यूम शून्यावर, ॲटेन्युएटर सर्वांत जास्त दाबून. पॉवर चालू करा. स्टँडबाय स्विच असेल तर मिनिटभर ट्यूब तापू द्या, मग तो उघडा. वॉल्यूम दोनवर नेऊन एक तार छेडा. आवाज आला तर जोडणी बरोबर आहे. आला नाही तर वॉल्यूम वाढवून बघू नका. तिथेच बंद करा आणि केबल तपासा.

लोड बॉक्स ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका, उष्णता वर जाते. ५० वॉट जिरवणारी पेटी म्हणजे ५० वॉटची चालू सोल्डरिंग आयर्नच समजा. चारी बाजूंनी हवा हवी. सतरंजी, गादी, केसचं मखमली अस्तर यांपासून दूर.

पायरी ६: किती कमी करायचं

३ डेसिबल कमी केले की ताकद निम्मी होते, पण कानाला फरक थोडासाच जाणवतो. १० कमी केले की ताकद दहावा हिस्सा, आणि आवाज साधारण निम्मा वाटतो. २० म्हणजे शंभरावा हिस्सा.

समजा स्पीकर १ वॉटला एक मीटरवर ९८ डेसिबल देतो. सेलेस्टियन ग्रीनबॅकचा आकडा एवढाच आहे. २२ वॉटला तो १११ च्या घरात जातो. २० डेसिबल कापून ०.२२ वॉट दिले तरी सुमारे ९१ उरतात. दिवाणखान्यासाठी हे अजूनही खूप आहे, आणि ५५ च्या मर्यादेपासून तर फारच लांब. नवीन ॲटेन्युएटर घेऊन लोक निराश होतात ते इथे.

शिवाय हळू आवाजात आपल्या कानालाच खर्ज आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, आणि स्पीकरचा कागदही पुरेसा हलत नाही. दोष उपकरणाचा नसतो. माझ्या अनुभवात ६ ते १२ डेसिबलपर्यंत ॲम्पचा स्वभाव चांगला टिकतो, त्यापुढे तो आक्रसत जातो. रात्री १० नंतर वाजवायचं असेल तर स्पीकर बाजूला ठेवा आणि लोड बॉक्स व हेडफोन वापरा.

आणखी एक. आवाज कमी झाला म्हणून ॲम्पचे कष्ट कमी होत नाहीत. तो पूर्ण ताकदीनेच राबत असतो. रोज दोन तास सातवर वाजवलात तर पॉवर ट्यूब लवकर बदलाव्या लागतील. ज्यांच्या ॲम्पचा खरखरीतपणा प्रीॲम्पमधून, म्हणजे ॲम्पच्या पहिल्या टप्प्यातून येतो, म्हणजे आधुनिक हाय-गेन मेटलवाल्यांना, मास्टर वॉल्यूम खाली घेऊनच बरंचसं मिळतं.

पायरी ७: लाइन आउट आणि संगणक

ॲम्पचा स्पीकर आउटपुट थेट इंटरफेसला (आवाज संगणकात नेणाऱ्या डबीला) किंवा मिक्सरला कधीच नाही. ५० वॉटला ८ ओहमवर २० व्होल्ट असतात, आणि इंटरफेस लोडचं काम करत नाही. एकाच चुकीत दोन्ही उपकरणं धोक्यात. ॲम्प लोड बॉक्सला, लोड बॉक्सचा लाइन आउट इंटरफेसला.

पहिल्यांदा हेडफोन लावाल तेव्हा डब्यात माश्या घोंघावल्यासारखं ऐकू येईल. ॲम्प ठीक आहे. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो. तो आता वाटेत नाही. त्याची जागा इम्पल्स रिस्पॉन्स भरून काढतो: एखाद्या कॅबिनेटचा आणि माइकचा ठसा घेतलेली छोटी फाइल. काही लोड बॉक्समध्ये ती सोय आत असते, नाहीतर संगणकात टाकायची.

हम, म्हणजे मागे सतत घुमणारा आवाज, येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, मग लोड बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचा स्विच असेल तर तो. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून हम घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आत साडेचारशे व्होल्ट आहेत आणि तुमच्या हातात धातूच्या तारा.

काय दिसलं तर लगेच बंद करायचं

ट्यूबच्या मध्यभागी नारिंगी उजेड ठीक. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक, तीही बहुतेक वेळा ठीक. राखाडी धातूची प्लेट मात्र लाल होऊ लागली तर त्याच क्षणी पॉवर बंद. तडतड, आवाज येऊन-जाऊन होणं, जळका वास, लोड बॉक्सला हात लावता न येण्याइतकी उष्णता, या वेळीही तेच. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा एकदाच बदला. पुन्हा उडाला तर दुरुस्तीवाल्याकडे. मागचं झाकण स्वतः उघडू नका; प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज साठून राहू शकतं.

बंद करताना

आधी वॉल्यूम खाली, मग पॉवर बंद. स्विच बंद केल्यावरही ॲम्प काही सेकंद वाजत असतो, एखादी तार छेडून पाहा. तो पूर्ण गप्प होईपर्यंत स्पीकरच्या केबलला हात लावायचा नाही. लोड बॉक्स गार झाला की केबल काढा. कॉम्बो असेल तर आतल्या स्पीकरची पिन लगेच मुख्य जॅकमध्ये परत खोचा आणि ओहमचा स्विच बदलला असेल तर मूळ जागी आणा, कारण उद्या तोच ॲम्प बँडमधला दुसरा कुणी मागे न पाहता चालू करणार आहे.